तू बंद केलेलं यंत्र

बंगळूर,
७ नोव्हेंबर १९९८

प्रिय सुशांत,

तुझ्या पत्रात हल्ली आईंच्या गुडघ्यांपलीकडे काही नसतं. मी सांगलीला कधी परत येणार, हेसुद्धा तू आता विचारत नाहीस. गुडघ्यांची काळजी मलाही आहे, पण नवऱ्याच्या पत्रात बायकोला आणखी थोडं काही हवं असतं रे.

मार्चमध्ये तू प्रयोगशाळेत आलास आणि आपण डोसा खायला निघालो, तेव्हा जाता जाता ते घरघरणारं थंडाव्याचं यंत्र तू बंद केलंस. रिकाम्या खोलीत वीज कशाला जाळायची! मला पत्ताच नाही. परत येऊन बघते तर महिनाभर जपलेला नमुना खलास. ‘मी तुझ्या कामात आड येतो’ म्हणालास आणि गेलास, तो गेलासच.

आता ऐक. त्या नमुन्यात समुद्रतळाशी असते तशी वाळू होती, कणांमध्ये वायू आणि पाणी मिळून बर्फासारखं गोठलेलं. ते गोठलेलं असेतो वाळू भार पेलते, ऊब लागली की ढासळते. माझं गणिती मॉडेल घट्ट वाळू ओळखायचं आणि मोकळी वाळू ओळखायचं, मधलं काहीच त्याला कळत नव्हतं. पण भार नोंदणारं पेन तू बंद केलं नव्हतंस! वाळू कशी कशी सैल होत गेली, ती सगळी रेघ कागदावर उतरली. तिच्यावरून मी मॉडेल नव्याने मांडलं आणि ते जुळलं. सर म्हणाले, तुमच्या यजमानांना पुन्हा बोलवा.

मलाही तेच म्हणायचंय. फार आठवण येते तुझी. वसतिगृहाच्या खोलीचं दार वाजलं की मी केस सारखे करते, आणि दारात इस्त्रीवाला.

पत्र लिहिलं ते यासाठी. सरांनी आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलंय आणि मी हो म्हटलंय. मला हे काम हवंय आणि तूही हवास. राजाजीनगरात दोन खोल्या पाहिल्यात, आईंनाही पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. गणिताच्या शिकवण्या तुला इथेही मिळतील. घरमालकीण सोयराबाई इथल्या जुन्या मराठी घरातल्या. म्हणाल्या, ‘एकटीला नाही देत अम्मा, स्वल्प त्रास होतो. यजमान येऊ देत, मग किल्ली.’ मी सांगून मोकळी झाले, येतायत. सुशांत, मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
उल्का