पाचव्या खोलीचा पोर्ट

७ फेब्रुवारी २००५, दिंडोरी

लहानपणी मामाच्या मळ्यात पहाटे मोट सुरू झाली की चाकाची कुरकुर थेट उशाशी यायची. आज द्राक्षांच्या शीतगृहात पाऊल ठेवलं आणि तसाच लांबट सूर कानी पडला. कंप्रेसर आहे म्हणे. असेना! निवृत्त मराठी शिक्षकाला म्हातारपणी याहून गोड नोकरी कुठली? वरच्या खोलीत बसायचं आणि पडद्यावर शीतखोल्या बघायच्या. मॅनेजर यादव माझाच विद्यार्थी. वर्गात कविता चालीवर म्हणायचा, अख्खी शाळा ऐकत राहायची.

कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीच्या तृप्तीने सेटिंग शिकवलं. प्रत्येक कॅमेऱ्याची वायर पडद्यामागच्या पेटीत एका पोर्टात, म्हणजे खाचेत, जाते. कुठल्या पोर्टाचं चित्र पडद्याच्या कुठल्या चौकटीत दिसावं, ते आपण ठरवायचं. म्हणजे बाकांवर मुलं बसवण्याचाच प्रकार, मी म्हटलं. "काका, तुम्ही तर पास!" म्हणून हसली. खाली हमालांच्या बोळातही एक कॅमेरा आहे आणि याच चौकटी दाखवणारा दुसरा पडदा. पाचवी चौकट तेवढी काळी. ती खोली बंद आहे, कॅमेरा काढून नेलाय, पोर्ट रिकामा.

९ फेब्रुवारी

पाचव्या चौकटीत चित्र आलं. क्रेटींच्या थप्प्या, पांढरी वाफ आणि एक बाई. पाठमोरी, आतून दारावर मुठी आपटणारी. आवाज नाही, नुसत्या मुठी.

धावत खाली गेलो. हमालांचा मुकादम भिमाजी, त्याने कुलूप काढलं. आत रिकामं, कोमट, धुळकट. "गुर्जी, चष्मा बदला आता, लय जुना झाला," म्हणाला आणि हमाल खिदळले. रिकाम्या पोर्टावर चित्र येत नाही, हे मलाही कळतं! वर्गात कोणी असं खिदळलं असतं तर खडू फेकून मारला असता. हात शिवशिवला.

११ फेब्रुवारी

पुन्हा तीच बाई.

जेवणाच्या सुट्टीत चिमणाबाईला विचारलं. ही सुरगाण्याकडची, द्राक्षं निवडायला येते. ऐकून तिने भाकरी खाली ठेवली. तिची मोठी बहीण चंद्रभागा मागच्या हंगामात पाचव्या खोलीत गोठून मेली. इथे पूर्वी रिवाज होता: दार लावण्याआधी हमालाने उंबऱ्यात उभं राहून तीनदा हाक द्यायची, "कोन हाय का आत?" मगच कडी. कॅमेरे आले आणि यादवने हाक बंद केली. पडदा बघा, कडी लावा, वेळ वाचवा. त्या दिवशी पाचव्या चौकटीला चुकून सहाव्या खोलीचा पोर्ट दिलेला होता. सहावी रिकामी, म्हणून पाचवीही रिकामी दिसली. चंद्रभागा थप्प्यांच्या मागे. दाराची आतली मूठ कधीचीच तुटलेली, अजून तशीच.

यादवला जाब विचारला. म्हणाला, सर, झालं ते झालं, बाईच वेंधळी होती.

वेंधळी! सेटिंग चुकलं तुमचं, हाक बंद केली तुम्ही, आणि वेंधळी ती?

१४ फेब्रुवारी

उद्यापासून पाचवी खोली सुरू. कंप्रेसर लावला, नवा कॅमेरा बसला. आत क्रेटी रचायला कोण? चिमणाबाई! निदान हाक तरी सुरू कर म्हणून यादवच्या मागे लागलो. "सर, ही काय शाळा आहे हजेरी घ्यायला?"

नवा कॅमेराही त्या मुठी आपटणाऱ्या बाईलाच दाखवतोय. आज तोंड माझ्याकडे होतं. पापण्यांवर बर्फ. तृप्तीने पाहिलं, पांढरीफटक पडली, केबलचा दोष असेल असं पुटपुटली. यादव भडकला. माझ्या भुताटकीने बायका पळून जातील म्हणाला. आणि केलं काय? पाचव्या चौकटीला पुन्हा सहावा पोर्ट द्यायला लावला. तीच चूक, आता जाणूनबुजून! तृप्ती नको नको म्हणत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, कविता पाठ होत्या रे तुला, कळली एकही नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळ

चिमणाबाई आत जायला तयार नाही. साऱ्या बायका फाटकाबाहेर जाऊन बसल्या. मीही चाललो त्यांच्यात. बसू दे पडदे ओस! यादव ओरडला, भित्र्यांनो, मीच आत फिरून येतो, मग बघू कोण भूत दाखवतं ते. तणतणत एकटाच पाचव्या खोलीकडे गेला.

संध्याकाळ

यादव सकाळपासून कोणाला दिसला नाही. नाशिकला गेला असेल म्हणे. मोटारसायकल तर इथेच. मोबाईल लागत नाही. भिमाजी म्हणतो, सकाळी कंटेनर भरून आलो, पाचवीचं दार उघडं, आत नुसती वाफ, गारवा वाया चाललेला. बोळातल्या पडद्यावर पाचवी रिकामी दिसली, लावली कडी. आणि हाक? "सायबानंच बंद केली ना, गुर्जी —"

वर धावलो, पाचव्या चौकटीला पाचवा पोर्ट दिला.

यादव. दारावर मुठी. त्याच्या मागे ती — स्वस्थ उभी —

ओरडलो. भिमाजी पळाला.

मी वरच, पडद्यापुढे. दिसेल तसं लिहितोय. बोळाच्या चौकटीत दार उघडलं. दोघांनी उचलून आणलाय. लाकडासारखा ताठ. भिमाजी छातीला कान लावतो — मान हलवतो — चिमणाबाई आपला पदर फाडून त्याच्या तोंडावर —

तिने! त्याच्या तोंडावर! आणि माझा राग अजून जात नाही — एवढंसं काम होतं रे, एक हाक —

खाली झाकलेला पडलाय. दिसतोय मला.

दार वाजलं. माझं. तृप्ती असेल — नाही, ती तर खाली, पडद्यावर, भिंतीला टेकून —

दार आत येतंय. थंडी —

यादव. पापण्या पांढऱ्या. विचारतोय, सर, तुम्ही तरी हाक का नाही —