बायडाबाईची जागा

१२ जानेवारी २००९, सोमवार

रोजनिशीचा आरंभ एका अन्यायाच्या नोंदीने करतो. मला चाकांची खुर्ची मिळाली आहे. आसन कसे असावे यावर आपल्या पूर्वजांनी पुष्कळ विचार केला. ते स्थिर असावे, सुखाचे असावे, इथवर सर्वांचे एकमत आहे. ते टेबलापासून आपोआप दूर जावे असे कोणीही म्हटलेले नाही. मी जरा पाय हलवला की खुर्ची दाराकडे निघते आणि मी, हयातभर संस्कृत शिकवलेला गृहस्थ, टेबल धरून तिला परत आणतो.

बाकी सर्व उत्तम. दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढे द्राक्षांच्या क्रेटचे गोदाम आहे, त्याच्या माडीवर ‘धनराज साउंड’. मालक धनराज माझाच जुना विद्यार्थी. ‘रामः रामौ रामाः’च्या पुढे तो कधी गेला नाही, पण तेवढे मात्र बाक वाजवत तालात म्हणायचा. शाळेने संस्कृतची तुकडी बंद करून मला घरी बसवल्याचे कळताच तो आला, सौ.च्या पाया पडला आणि म्हणाला की गुरुजी, आपल्याकडं या, तुमचं वृत्त न् आमचं बीट एकच आहे. सौ. म्हणाली, जा, घरात बसून माझ्या फोडणीतल्या चुका काढण्यापेक्षा बरं.

माडीवरून त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर दिसतात. चहा चांगला मिळतो. मी प्रसन्न आहे.

१९ जानेवारी

कामाचे स्वरूप लिहून ठेवतो, म्हणजे मेहुण्यांनी विचारल्यास सांगता येईल. संगणकाच्या पडद्यावर गाणे लाटांसारखे दिसते. जिथे ठोका, तिथे लाट उंच. प्रत्येक ठोक्यावर एक उभी रेघ बसवायची. या रेघांना ग्रिड म्हणतात. त्या अचूक असल्या तर एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना सांधा कळत नाही आणि वरातीतले पाय थांबत नाहीत. केसाइतकी रेघ सरकली की आधी दोन गाणी एकमेकांच्या अंगावर पडतात, मग नवरदेवाचे मामा धनराजच्या अंगावर पडतात.

यंत्रावर केलेल्या गाण्यांना संगणक स्वतःच रेघा आखतो. माणसाच्या हाताने वाजवलेले आले की त्याचे डोके फिरते, कारण हात कधी रेंगाळतो, कधी धावतो. तिथे मी. लघू-गुरू मोजण्यात जन्म गेला. हे त्याहून सोपे आहे, आणि मुख्य म्हणजे गाणी जांभया देत नाहीत.

पल्लवी बाळंतपणाला आली आहे. सातवा लागला. लग्नाला सहा वर्षे झाली. दोनदा हातचे गेले, म्हणून या खेपेला घरात कोणी मोठ्याने आनंदही करत नाही. काल तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र टेकवून बाळाचे ठोके ऐकवले. मी नकळत गुडघ्यावर बोटे धरली. चाल थेट धनराजच्या सर्वांत द्रुत वरातगाण्याची! पल्लवी म्हणाली, बाबा, बोटं आवरा, बाई बघतायत. जावई महेश मात्र दाराशी उभा राहून रडत होता.

३ फेब्रुवारी

धनराजने पेठकडच्या एका पाड्यावर जाऊन संबळ आणि आदिवासींची फुंकून वाजवायची पावरी रेकॉर्ड करून आणली आहे. पब्लिकला आता ओरिजिनल माल पायजे, असे त्याचे मत. वाजवणारा सहादू आज सीडीवरच्या फोटोसाठी आला होता. इस्त्रीचा सदरा, त्यावर मफलर, आणि फोटोत हसायला साफ नकार. त्याची बायको बायडाबाई गेल्या आखितीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, वारली. हे वाजवणे तिच्या दिवसाचे.

रेकॉर्डिंगमध्ये एक गंमत आहे. प्रत्येक फेरीत एका ठिकाणी ठोका पडतच नाही. हात वर जातो आणि तसाच राहतो. मी विचारले, हा यतिभंग कशासाठी? सहादू म्हणाला, ती जागा बायडीची हाय. वरीसभर ती नाचाया येती, तठं पाय ठेवती. तठं वाजवायचं नाय. मी थट्टेने म्हटले, आणि जागा मिळाली नाही तर? तोही हसला. म्हणाला, मंग दुसरीकडं उभी राहील. मानूस हाय मास्तर, उभं तर राहायला लागंल ना.

५ फेब्रुवारी

धनराज म्हणतो, त्या रिकाम्या जागी पब्लिकचा पाय अडकतो, भरून टाका. मी सहादूचे म्हणणे सांगितले. तो म्हणाला, गुरुजी, सहादू पेठला, वरात नाशकात.

तेव्हा भरले. चरणात अक्षर कमी पडले की जुने कवी ‘च, वै, तु, हि’ घालून पाद पुरे करत. मी त्याच गाण्यातला एक ठोका उचलून प्रत्येक रिकाम्या जागी बसवला. आता ग्रिड अशी सरळ की नजर ठरत नाही. धनराज पाहत बसला होता. मलाही शिकवा म्हणाला. शिकवले. या विषयात तो हुशार निघाला. दुपारी आम्ही दोघांनी त्या आनंदात मिसळ खाल्ली.

२१ फेब्रुवारी

गाणे गाजते आहे. पंचवटीत भाजीबाजारात रिक्षावाल्याच्या मोबाइलवरसुद्धा ऐकले.

एक किरकोळ तक्रार. दुसऱ्या गाण्यांत जागा सापडू लागल्या आहेत. काल नीट असलेल्या गाण्यात आज एका ठोक्याची लाट सपाट. भरली, की उद्या तिसऱ्या गाण्यात. फेरीतले ठिकाण मात्र नेमके सहादूच्याच जागेचे. धनराज म्हणतो हार्ड डिस्क गेली असेल. मी चिकाटीने भरतो आहे. हट्टी विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.

१ मार्च

काल शेवटची जागा भरली. सगळी गाणी तपासली. एकही ठोका रिकामा नाही.

आज दिंडोरीला वरात होती. हौसेने मीही गेलो. भर दुपारी सहादूचे गाणे लागले. नवरीचे चुलते खंडेराव, बागाईतदार, धट्टेकट्टे, फेटा सांभाळत पुढे नाचत होते. फेरी त्या ठिकाणी आली आणि त्यांचा पाय वर गेला तो वरच राहिला. चेहऱ्यावर वेदना नव्हती. गर्दीच्या बसमध्ये कोणी आपल्या सीटवर येऊन बसावे, तसे आश्चर्य होते. मग पडले. जागीच गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. धनराज म्हणाला सकाळपासून पीत होते.

मी सर्वांत जवळ उभा होतो. माझी बोटे मांडीवर ठोके धरत होती. एक ठोका त्यांच्या छातीत पडला नाही, हे मला त्यांच्याआधी कळले.

१४ मार्च

दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी यंत्र टेकवले. ठोके, ठोके, ठोके — आणि जागा. पुन्हा ठोके. पुन्हा तिथेच जागा.

बाई म्हणाल्या, असा एखादा ठोका चुकतो कधी, घाबरू नका, आठवड्याने या. पल्लवीने माझ्याकडे पाहिले. मी हसलो. माझी बोटे खिशात होती.

चाल तीच. फेरी तीच.

१७ मार्च

एसटीने पेठ, पुढे जीपने पाडा. सहादू नाचणीचे पोते शिवत होता. सगळे ऐकून घेतले. रागावला नाही, रागावला असता तर बरे वाटले असते.

म्हणाला, तुमी तिला हाकललं मास्तर. म्या रोज वाजवतो, जागा सोडतो, ती येत नाय. भरल्या जागी ती परत पाय ठेवत नाय. आता जित्या ठोक्यातच उभी राहील.

मी विचारले, कधीपर्यंत. आखितीला पितरांना पाणी दिलं का जाईल, म्हणाला. मी विचारले, तोवर ते बाळ —. त्याने सुतळी दाताने तोडली. पुरलं तर पुरलं.

तिला हलवता येईल का, असे विचारले. येईल. दुसरी जिती जागा दाखवायची. चाल हीच पायजे, न् जागा आपल्या हातानं मोकळी सोडायची. मग म्हणाला, पण मास्तर, तीबी कुनाची तरीच असनार ना?

२३ मार्च

स्वतःची दिली. छातीला माइक बांधून ठोके रेकॉर्ड केले, प्रत्येकावर रेघ बसवली, एक ठोका पुसला, आणि वाट पाहिली. आली नाही. माझे हृदय विलंबित लयीतले. तिला द्रुत हवी. म्हणून आज भर उन्हात गच्चीवर धावलो. सौ.ने वाळवणाच्या कुरडयांपलीकडून विचारले, हे काय नवीन? चाल क्षणभर जमते, मग उतरते. तेवढ्यात ती कशी येईल.

दवाखान्यात आता बाई घाबरू नका म्हणत नाहीत.

२ एप्रिल

धनराज पेढे घेऊन आला. त्याच्या बायकोला, हर्षालीला, सातवा लागला; रविवारी डोहाळजेवण. दवाखान्यात त्याने बाळाचे ठोके मोबाइलवर रेकॉर्ड केले आहेत. त्यावर गाणे बांधायचे, सगळ्या बायकांसमोर वाजवायचे. म्हणाला, गुरुजी, ग्रिड तुमच्याच हातची पायजे. तुमच्या हाताला यश आहे.

फाइल टेबलावर ठेवून गेला.

ऐकली. चाल तीच आहे. सगळ्या बाळांची तीच असते.

३ एप्रिल

सकाळी स्नान, संध्या केली. माडीवर आलो. प्रत्येक ठोक्यावर रेघ बसवली. मन लावून बसवली. इतके स्वच्छ काम आजवर हातून झाले नव्हते.

मग एक ठोका पुसला.

६ एप्रिल

पल्लवीचे बाळ उत्तम. ठोके अखंड. बाई म्हणाल्या, कमाल आहे. महेश पुन्हा रडला. सौ.ने शिरा केला. मी दोनदा वाढून घेतला.

११ एप्रिल

हर्षालीला अॅडमिट केले. धनराज विचारतो, गुरुजी, तुमच्या पल्लवीलापण असंच झालेलं ना, मग बरं कसं झालं? कोणता देव केला?

मी काळारामाचे नाव सांगितले. तो अनवाणी गेला.

१६ एप्रिल

आखिती सत्तावीसला. तोवर पुरले तर —

माझ्याच्याने दवाखान्यात जाववत नाही. सौ. जाते, डबा नेते. म्हणते, ती पोरगी दिवसभर कानात ते ठोके घालून पडून असते, आणि मधे एकदा दचकते. दर थोड्या वेळाने दचकते.

झोप लागते मला. हे लिहायला हवे. छान लागते.

२१ एप्रिल, सकाळ

पल्लवीला कळा सुरू झाल्या. मी निघतच होतो. धनराज आला. दाढी वाढलेली. म्हणाला, गुरुजी, त्या फाइलमधी एक ठोका गायब हाय, हर्षाली तिथंच घाबरती. रेकॉर्डिंगचा फॉल्ट. भरून टाकतो.

मी म्हटले, हात लावू नकोस. का, म्हणाला. मी म्हटले, मी करीन, उद्या. तो म्हणाला, तुमची पोरगी अडलीय, तुम्ही जा, तुम्हीच तर शिकवलंय मला.

आत बसला आहे. मी बाहेरच्या खोलीत. ती जागा भरली की बायडाबाई तिथून निघून पुन्हा पल्लवीच्याच बाळाकडे वळेल. त्याला थांबवायचे तर कारण सांगावे लागेल. सांगू शकत नाही. दोनदा उठलो, दोनदा बसलो —

महेशचा फोन. पोटाला यंत्राचा पट्टा लावला आहे, बाबा, ऐका, म्हणतो. फोन यंत्रापाशी धरला आहे. ठोके. एका हातात फोन, एका हाताने लिहितो. ठोके सुरेख आहेत.

हर्षालीच्या बाळाची मला काळजी नाही. पापाचीही नाही. इतके दिवस तसे वाटते म्हणून मनाशी घोकले, ते खोटे. मला फक्त हे एक बाळ हवे आहे, आणि त्यासाठी अजून कोणाचेही —

आतून माउसचा आवाज. ठोका उचलला असेल.

फोनवर ठोके. ठोके. फेरी जवळ आली. धनराज आतून ओरडला, झालं गुरुजी, बसला बघा —

ठोका. ठोका. ठोका. आता ती