अडतीस म्हणजे पास

२४ नोव्हेंबर

काल माईक हातात धरून झोपलो.

मॅच चालू होती. शेवटची ओव्हर, दोन्ही गावं मैदानाच्या कडेला उभी — आणि स्पीकरमधून माझं घोरणं. पलीकडच्या पाड्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे. शेजारी बसलेल्या कुमारने हळूच माईक काढून घेतला आणि जाहीर केलं, दौलतदादा थोडी विश्रांती घेतायत, आपण खेळ पुढे नेऊ. सगळे हसले. बॅट्समनही हसला आणि त्याच बॉलवर त्याचा दांडा उडाला. आता ती टीम माझ्यावर खार खाऊन आहे.

माझ्या ऋतिकाच्या जन्माआधीपासून या पंचक्रोशीत टेनिस क्रिकेटची कॉमेंट्री मी करतो. खारबावच्या पुढे कुठेही मैदान आखलं की आधी मंडपवाल्याला फोन, मग मला. आता तो दुसरा फोन कुमारला जाणार. पोरगा चांगला बोलतो, त्याचंच वाईट वाटतं.

२५ नोव्हेंबर

रंजिताने आज रोखठोक सांगितलं. दापोड्याच्या गोदामात उभ्या उभ्या झोपता, लोडर लोक बनियनवर असतात आणि तुम्ही जॅकेट घालून फिरता, तोंड सुजलंय, अंगठी बोटातून निघत नाही, आवाज रेड्यासारखा झालाय. डॉक्टरकडे येता की मी एकटीच जाऊन तुमचं सगळं सांगून येऊ?

ती एकटी गेली तर काय काय सांगेल याचा विचार केला. गेलो.

डॉक्टरबाई भिवंडीतल्या. दोन प्रश्न विचारले, गळा चाचपला, रक्त द्यायला पाठवलं.

२७ नोव्हेंबर

रिपोर्ट ऋतिकाच्या फोनवर आला. टीएसएच अडतीस. बाजूला वर तोंड केलेला लाल बाण. त्याच्याखाली टी-फोर, त्याला खाली तोंड केलेला लाल बाण. एक वर, एक खाली. मी म्हटलं, म्हणजे बरोबरी झाली.

आईने विचारलं, किती मिळाले. ऋतिकाने सांगितलं, अडतीस.

आई म्हणाली, "पस्तिसाला पास असतं ना? मग पास हाय."

दहावीला मला बरोबर अडतीसच होते. गणितात.

२८ नोव्हेंबर

थायरॉईड आहे. म्हणजे तो सगळ्यांनाच असतो, गळ्यात. माझा कामचुकार निघाला.

आकडा जास्त आणि काम कमी — हे माझ्या डोक्यात शिरेना. डॉक्टरबाईंनी विचारलं, तुम्ही काम काय करता? म्हटलं, गोदामात सुपरवायझर. मग म्हणाल्या, लोडर काम करत नसले तर तुम्ही काय करता? म्हटलं, ओरडतो. तरी नाही केलं तर? अजून मोठ्याने ओरडतो. म्हणाल्या, टीएसएच म्हणजे ते ओरडणं. मेंदूतून सुटतं. ग्रंथी जेवढी सुस्त तेवढं ओरडणं जास्त. टी-फोर म्हणजे खरोखर उतरलेला माल.

अडतीस म्हणजे केवढं ओरडणं! मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

पन्नासची गोळी, रोज. बहुतेक जन्मभर. दीड महिन्याने परत रक्त. बाहेर बायकांचीच रांग होती, म्हणून खालच्या आवाजात विचारलं, हा बायकांचा आजार ना? म्हणाल्या, बायकांना जास्त होतो, पण पुरुषांना सोडत नाही. रंजिताला बजावलं, घराबाहेर बोलायचं नाही. घशाला इन्फेक्शन आहे असं सांगायचं.

३० नोव्हेंबर

गोळीचे नियम गोळीपेक्षा मोठे. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग तासभर चहासुद्धा नाही. रंजिताच्या कॅल्शियमच्या गोळीसारखं काही घ्यायचं झालं तर थेट दुपारी.

चहाशिवाय ओट्यावर बसलो तर आईला संशय आला. बायकोशी भांडलास काय म्हणून विचारलं. नाही म्हटलं. तरी मधल्या वेळात तिने रंजिताला दोन शब्द ऐकवलेच.

५ डिसेंबर

सकाळच्या शिफ्टला गोळी घरून निघता निघता खायला विसरलो. गोदामात पोचून खिशातून पट्टी काढली. फोर्कलिफ्टवरचा इर्शाद वरून बघत होता. माणूस चांगला, पण आवाज हॉर्नसारखा.

"अरे दौलतभाई, ये तो मेरी बीवी की गोली है."

डॉकवरचे सगळे थांबले. दुपारपर्यंत पसरलं की दौलत इर्शादच्या बायकोच्या गोळ्या खातो. संध्याकाळपर्यंत खुद्द इर्शादला कुणीतरी विचारलं, तुला चालतं का हे?

मग नाइलाजाने सगळ्यांसमोर खरं सांगितलं. घशाच्या इन्फेक्शनचा विषय संपला.

७ डिसेंबर

गावातही संपला. आईने विहिरीजवळच्या देवळात चार बायकांना सांगितलं की पोराला बायकांचा आजार झालाय, पण पास झालाय.

१४ डिसेंबर

त्या मॅचचा व्हिडिओ आज यूट्यूबवर बघितला. कॅमेरा माझ्या मागे लावलेला. झोपलोय ते आधीच माहीत होतं. पण डोक्याच्या मागच्या बाजूला एवढी खेळपट्टी तयार झालीय हे कुणी सांगितलं नव्हतं.

मेडिकलवाल्याकडून केसांच्या गोळ्या आणल्या. डबीवर एका माणसाचा फोटो, केस एवढे की कंगवा अडकेल. दाढीच्या डब्यामागे ठेवल्यात. रंजिताला सांगायची गरज नाही. या वयात केसांसाठी गोळ्या खातो म्हटल्यावर ती माहेरी फोन करून हसेल.

२१ डिसेंबर

आज कुमारने कॉमेंट्री केली. मी प्रेक्षकांत बसलो, जॅकेट घालून. त्याने चौकाराला "गेला, गेला, पाहुणा गेला" म्हटलं. ते माझं आहे!

९ जानेवारी

काल रक्त दिलं. आज रिपोर्ट. टीएसएच शून्य पॉइंट शून्य नऊ!

अडतीसवरून जवळजवळ शून्यावर. ओरडणं बंद. म्हणजे माल सगळा उतरला. टी-फोरला तर वर तोंड केलेला बाण — गोदाम भरून वाहतंय. ऋतिका म्हणाली, पप्पा, बाण अजून लालच आहे, आधी डॉक्टरांना विचारा. तिला म्हटलं, तू कॉमर्सची आहेस.

कामावर जाताना दोन किलो जिलेबी घेतली. एक गोदामात वाटली, एक घरी. इर्शादने सगळ्यांसमोर गळाभेट घेतली. कुमारला फोन करून सांगितलं की पुढच्या रविवारी माईक मी घेणार. तो हो म्हणाला, पण दादा, तुमचा आवाज अजून बसल्यासारखा वाटतो असंही म्हणाला. जळतो.

फक्त आईने जिलेबी खाल्ली नाही. शून्य पडलं तर वाटायचं काय, म्हणाली.

१० जानेवारी

आज जे झालं ते लिहायला पण लाज वाटते. लिहितो.

दवाखान्याबाहेर नंबर येईपर्यंत मी झोपलो. बाईंनी स्वतः येऊन उठवलं. आत नेऊन रिपोर्ट बघितला, मग मला बघितलं, मग परत रिपोर्ट. नाडी धरली. गुडघ्यावर हातोडी मारली — पाय उडाला, पण जरा विचार करून.

म्हणाल्या, "या कागदाप्रमाणे तुमची छाती धडधडत असायला हवी, घाम यायला हवा, झोप उडायला हवी. आणि तुम्ही माझ्या दारात घोरताय. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. कागद किंवा तुम्ही."

अजून कुठलं औषध घेता, विचारलं. काहीच नाही, म्हणालो. काढा? चूर्ण? ताकदीची पावडर? नाही, नाही, नाही.

रंजिताने पर्स उघडली आणि केसांच्या गोळ्यांची डबी टेबलावर ठेवली. डबीवरचा तो केसाळ माणूस माझ्याकडे बघून हसत होता.

बाईंनी डबीमागचं वाचलं. बायोटिन, तेही भरमसाट. त्याने शरीराला धोका नाही म्हणाल्या, पण काही मशीनवर थायरॉईडच्या तपासणीचा हिशोबच बिघडतो. टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतो, टी-फोर जास्त. नुसत्या कागदावर विश्वास ठेवून त्यांनी गोळी कमी केली असती तर मी बसल्या जागी अजून थंड पडलो असतो.

आठवडाभर ती डबी बंद, मग परत रक्त. पुढच्या वेळी तपासायला जाताना जे जे तोंडात टाकता ते सगळं सांगायचं, लाज वाटली तरी. आणि केस म्हणे थायरॉईडमुळेच गळतायत. आकडा जागेवर आला की बहुतेक ते पण येतील. उगाच खाल्ल्या.

परत येताना रिक्षात रंजिताला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही आरशात मागे वळून वळून बघायचात, मला वाटलं चार दिवस खुशीत राहू दे.

कुमारला फोन केला. रविवारचं राहू दे म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही. पोरगा वाईट नाही.

१८ जानेवारी

खरा आकडा अकरा. अडतीसपेक्षा कमी, पण हवा त्यापेक्षा जास्त. गोळी पंचाहत्तरची केली. आता परत दीड महिना थांबायचं. मी विचारलं, दर आठवड्याला तपासलं तर? म्हणाल्या, भात लावून रोज उपटून मुळं बघता का?

जिलेबीबद्दल गोदामात कुणी काही बोललं नाही. इर्शादने फक्त विचारलं, अगली बार कब खिलाओगे.

२१ जानेवारी

घरी हळदीकुंकू. मी आतल्या खोलीत लपलो होतो. रंजिताने हाक मारली. बाहेर गेलो तर तीन बायका फोन पुढे करून उभ्या — दौलतभाऊ, हा आमचा रिपोर्ट, जरा बघा.

बसलो. काय करणार! एकीचा सव्वापाच. तिला ओरडण्याचं आणि मालाचं समजावलं. दुसरी गोळी चहाबरोबर घेत होती आणि आकडा उतरत नाही म्हणून देवाला बोल लावत होती. तिसरीने मान खाली घालून विचारलं, केसांच्या गोळीचं काय ते?

तिघींना शेवटी एकच सांगितलं, मी डॉक्टर नाही, मी सुपरवायझर आहे, बाईंना दाखवा. त्या जाताना मला पण वाण मिळालं. स्टीलची वाटी.

आई दारात बसून सगळं ऐकत होती. आज तिने मार्कांचं काही विचारलं नाही.

९ फेब्रुवारी

सकाळी जॅकेट घरी विसरलो आणि दुपारपर्यंत लक्षात आलं नाही.

१६ फेब्रुवारी

अंगठी निघाली. साबण न लावता. रंजिता म्हणाली, परत घाला.

हल्ली आई मलाच तपासते. दिवसा डोळा लागला का? पायावर सूज हाय का? बोलताना जीभ जड होते का? उत्तर दिलं की नुसती मान हलवते आणि तांदूळ निवडायला लागते. डॉक्टरबाईंनी पण एवढं विचारलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी

टीएसएच दोन पॉइंट आठ. टी-फोर पण जागेवर. एकही बाण नाही, लाल नाही, काळा नाही. ऋतिकाला तीनदा बघायला लावलं. जिलेबी आणली नाही. आधी बाईंना दाखवलं. त्यांनी मला बघितलं, मग कागद बघितला, मग म्हणाल्या, आज दोघं खरं बोलताय. हीच गोळी चालू ठेवा.

मग जिलेबी आणली.

१ मार्च

माईक घेतला!

कुमारने स्वतः आणून दिला. पहिली दोन वाक्यं बोललो आणि माझाच आवाज स्पीकरमधून परत आला — स्वच्छ, गळ्याच्या वरून निघणारा. मी क्षणभर गप्पच झालो. लोकांना वाटलं परत झोपला. कुमार माईक घ्यायला पुढे आला, त्याला हाताने थांबवलं आणि सुरू झालो. दिवसभर उभा होतो. "पाहुणा गेला" कुमारकडून परत मागणार होतो, मग राहू दिलं. त्याच्या तोंडी चांगलं बसलंय.

मॅच संपल्यावर माईकवरूनच सांगितलं, ज्याला कुणाला दिवसा झोप येते, थंडी वाजते, आवाज बसलाय, त्याने रक्त तपासून घ्यावं. बायकांचा आजार म्हणून बसू नका. लोक हसले. हसू देत.

आई मैदानावर कधी येत नाही. आज आली होती. कडेला बसून शेवटपर्यंत ऐकत होती.

२ मार्च

आवाज थोडा बसलाय. साध्या बोलण्याने. किती बरं वाटतंय.

५ मार्च

सकाळी आईने माझी गोळीची पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून बघत बसली. मग म्हणाली, तुजा बापूस पन मे महिन्यात गोधडी घ्यायचा. बांधावर बसल्या बसल्या झोपायचा. तोंड सुजलं हुतं, आवाज बसला हुता. लोक आळशी बोलायचे. मी पन बोलायची, जाईपर्यंत.

थोड्या वेळाने विचारलं, "तवा ही गोळी हुती का रं?"

होती.

मी म्हटलं, नव्हती.