गळ्यासाठी विणलेला मफलर

बालीगंज, १२ जानेवारी १९७३

ती. सासूबाईंस,

थायरॉईड गळ्यात असतं म्हणून तुम्ही विणलेला मफलर मिळाला. माझ्या गोळ्या थायरॉईडच्या आहेत, हे मी खोटं कळवलं होतं. त्या मन खचल्याच्या होत्या. सहा महिने मला सकाळी उठावंसंच वाटत नव्हतं.

त्या गोळ्यांनी पुरेसा गुण येईना, म्हणून डॉक्टरांनी जोडीला खरोखरच थायरॉईडची गोळी दिली. मला हसू आलं. ते म्हणाले, "थायरॉईड मेंदूलाही लागतं. त्याने कधीकधी पहिली गोळी लागू पडते."

माझी पत्रं भावजी सगळ्यांसमोर वाचून दाखवतात, म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुम्ही याल तेव्हा हावडा स्टेशनवर मफलर घालून येईन आणि तिथेच सांगेन. रागवायचं तर तिथेच रागवा, म्हणजे घरी सुखाने चहा पिऊ.

आज आपणहून उठलेली,
तुमची शैला