पिवळी वायर

मंगळवार, १२ ऑगस्ट

पहाटे तीनला बॅटरी संपली! नवऱ्याचं, बाल्दोचं, ऑक्सिजनचं मशीन कोकलायला लागलं म्हणून जाग आली. सिलिंडर होता म्हणून निभावलं. अर्धा रिकामा झाला.

खांबावरची लाइट जाऊन आज दुसरा दिवस. खाली ट्रान्सफॉर्मर जळलाय म्हणे. कंपनीला फोन केला की एकच उत्तर — उद्या. त्यांचा उद्या मला चांगला माहीत आहे. वादळाच्या वर्षी तो अकरा महिन्यांनी उजाडला होता.

पण बॅटरी संपलीच कशी? सोलर पॅनल बसवले तेव्हा ते बसवणाऱ्या संघटनेची ती पोरगी, नाशाली, मला मानाने 'दोन्या' म्हणत छातीठोकपणे सांगून गेली होती — "मशीन, पंखा, दोन दिवे. सकाळी तिसरा हिस्सा शिल्लक राहील, दोन्या ओब्दुलिया." काल ऊन कसं कडक होतं. सूर्य बुडाला तेव्हा शंभर टक्के होती, मी स्वतः आकडा पाहिला. मग गेली कुठे?

बुधवार, १३ ऑगस्ट

पुन्हा तेच. साडेतीन. सिलिंडर संपला. पोन्से शहरातून नवा यायला पुढचा आठवडा. घाटात दरड आहे.

पंखासुद्धा लावला नव्हता.

कोणीतरी आमची वीज ओढतंय.

गुरुवार, १४ ऑगस्ट

नाशालीला फोन लावला. म्हटलं, बाई, जुनी बॅटरी तर गळ्यात मारली नाहीत ना? तिला राग आला नाही, हे मला जास्त खटकलं. उलट मलाच विचारते — "रात्री आणखी काही लावता का?" म्हटलं, दोन म्हाताऱ्यांच्या घरात आणखी काय असणार! "एकदा येऊन बघते, रस्ता सुरू झाला की." चोराच्या उलट्या बोंबा! फोन ठेवून दिला.

संध्याकाळी रोझरी म्हटली, नेहमीसारख्या पाण्याच्या बाटल्या भरून आडव्या फ्रीजरमध्ये रचल्या. चौदा. सकाळी त्या निघतात, थंड पेटीत जातात, दूध आणि मासे त्यांच्यावर टिकतात. दिवसा फ्रीजर बंद. अशी काटकसर मी करते आणि वर ही कार्टी मला विचारते!

बाटल्यांशिवाय मला झोप येत नाही. मिर्ताच्या घरी वादळाच्या त्या वर्षी एक बर्फाचा खडा असता तर तिचं इन्सुलिन नासलं नसतं. माझी धाकटी बहीण. बावन्न वर्षांची.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

पाचला संपली. सगळे दिवे बंद ठेवले होते तरी. उजाडेपर्यंत बाल्दो खुर्चीत बसून धापा टाकत होता. ओठ जांभळे. मी वारा घालत बसले. वाऱ्याने काय होतंय! मला फार भीती वाटते. त्याला सांगितलं नाही.

आज ओसरीवर बसून नीट बघितलं. ओहोळाच्या पलीकडे एर्मिनिओचं घर. त्याचे दोन पॅनल, आणि ट्रकमधून काढलेल्या जुन्या बॅटऱ्या. त्या मेल्यात असं तोच मार्च महिन्यात सांगत होता. मग त्याच्या ओसरीवरचा दिवा पहाटेपर्यंत जळतो कसा?

शनिवार, १६ ऑगस्ट

आज सुनावलं. कुंपणाशी उभी राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "एर्मिनिओ! काही लोकांच्या मेलेल्या बॅटऱ्या रात्री जिवंत होतात, नाही का रे?"

तो कॉफीची रोपं लावत होता. टोपी काढली. "काय झालं, दोन्या?"

"माझा नवरा रात्री गुदमरतोय, ते झालं! ज्याला आमची वीज गोड लागते त्याच्या तोंडात माती पडो!"

त्याने टोपी पुन्हा घातली आणि रोपांकडे वळला. निर्दोष माणूस अशी पाठ फिरवतो का?

बाल्दो आतून ओरडला, "दुलिया, आत ये!" हा नेहमी दुसऱ्याचाच वकील.

रविवार, १७ ऑगस्ट

मिस्सेला एकटीच गेले. बाल्दो म्हणाला, "तू जा, मी पडतो जरा." परत आले तर ओसरीवर चिखलाच्या पावलांचे ठसे. कोण आलं होतं? म्हणे, कोणी नाही. कपाटही हातभर सरकलेलं. म्हणे, झुरळ होतं.

पंचेचाळीस वर्षं संसार केलाय मी या माणसाशी. खोटं बोलताना तो कान खाजवतो.

सोमवार, १८ ऑगस्ट

सकाळी एकतीस टक्के! मशीन रात्रभर चाललं, बाल्दो घोरला!

बघा! चोर घाबरला. एक शिवी आणि काम फत्ते. आणि काल रात्रीपासून एर्मिनिओच्या ओसरीवरचा दिवाही बंद. आणखी काय पुरावा हवा?

हिरव्या तुरीचा भात केला. आळीत सगळ्यांना दिला. एक घर सोडून.

मंगळवार, १९ ऑगस्ट

एकोणतीस.

एर्मिनिओ दुपारी मासे आणि मटण ओहोळात फेकत होता. वास इथपर्यंत. म्हणजे फ्रिजही बंद केलाय. दिवा नाही, फ्रिज नाही — एवढं सोंग कशाला? माणूस इतका लपतो तेव्हा काहीतरी मोठं लपवत असतो.

बाल्दो मशीनची पिन मला लावू देत नाही हल्ली. "माझं मशीन मला कळतं." कपाटामागे हात घालून स्वतःच लावतो.

बुधवार, २० ऑगस्ट

सापडली!!

केळीचा घड उतरवायला गेले तर गवतात पिवळी वायर. केळींच्या बुंध्यांमधून, ओहोळावरून, थेट एर्मिनिओच्या खिडकीत. दुसरं टोक आमच्या भिंतीला, पावसाच्या नळामागून वर. आमच्या भिंतीला! केवढी छाती!

कोणाला सांगितलं नाही. झाडं छाटायची लाकडी दांड्याची कात्री आणली आणि कापली. भर दुपारी. समाधान असं वाटलं की काय लिहू. उद्या सकाळी आकडा बघून मग आळीला बोलावते.

बाटल्या भरल्या. आज शांत झोपणार.

गुरुवार, २१ ऑगस्ट

लिहायला हवं.

पहाटे तीनला मशीन कोकललं. बॅटरी शून्य. दिवा लागेना. विजेरीत बाल्दोचा चेहरा पाहिला. ओठ काळेनिळे, डोळे वर. सिलिंडर रिकामा. मी दार उघडून किंचाळले. कोणाला हाक मारली तेही आठवत नाही.

एर्मिनिओ अनवाणी धावत आला. आत शिरला तो सरळ कपाटाकडे. मागे हात घातला. त्या घटकेलाही माझ्या मनात आलं — याला कपाटामागचं कसं माहीत?

"पिन लागलीय कुठे? भिंतीला? भिंतीला का लावलीत, बाल्दो?" त्याने पिन काढून दुसऱ्या कशाला तरी जोडली. काही झालं नाही. मग विजेरी घेऊन बाहेर पळाला. केळीतून त्याची आरोळी आली — "कोणी कापली ही?"

मी बाल्दोचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

त्याने घरी जाऊन पलीकडची पिन काढली, वायर सोलली, तारा पिळल्या, पट्टी गुंडाळली. किती वेळ गेला? मी मोजले ते फक्त बाल्दोचे श्वास. मग मशीन सुरू झालं.

घरात मिट्ट काळोख, आणि मशीन चालू.

वीज आमच्याकडून जात नव्हती. आमच्याकडे येत होती.

त्याच्या अर्धमेल्या बॅटऱ्यांना आमचं मशीन तेवढं झेपत होतं, म्हणून त्याचा दिवा बंद. म्हणून फ्रिज बंद, म्हणून मासे ओहोळात. मी कुंपणावर शिव्या घातल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने ही वायर ओढली. बाल्दोनेच निरोप धाडला होता. काल रात्री वायर मेलेली पाहून बाल्दोने मुकाट्याने भिंतीला पिन लावली. आमचं मशीन एर्मिनिओ चालवत होता आणि मला पत्ताही नाही!

उजाडल्यावर एर्मिनिओ जायला निघाला. मी म्हटलं, "मी कापली." तो म्हणाला, "कळलं, दोन्या. कॉफी आहे का?" मी रडले. कॉफी दिली.

पण मग आमची वीज खातं कोण? बाल्दोला विचारलं. त्याने कान खाजवला.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

नाशाली आली. घरभर फिरली, फ्रीजरवरचं कापड उचललं, तो उघडला, बाटल्या मोजल्या. "हे रात्री गोठवता? ऊन असताना नाही?"

"जनरेटर रात्रीच लावायचा असतो," मी म्हटलं. आणि बोलता बोलता मलाच ऐकू आलं. आमच्याकडे जनरेटर नाही. तो वादळाच्या वर्षी होता, आठ वर्षांपूर्वी; आता रात्री फ्रीजर चालतो तो बॅटरीवर.

बाल्दोला सगळं पहिल्याच रात्री कळलं होतं. "सांगितलं असतं तर तू त्या काढल्या असत्यास," तो म्हणाला, "आणि मग मिर्ता तुला झोपू देती का?"

गोठलेल्या चौदाही बाटल्या एर्मिनिओच्या बंद फ्रिजमध्ये ठेवून आले.