मामांचं रक्त आणि माझी बाही

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार,

तुमची प्रकृती उत्तम आहे. (दर पत्रात हे मी विचारते, या वेळी सांगते आहे, तेही पुराव्यानिशी.) मामीचे गुडघे कसे आहेत ते कळवा. हे पत्र बसून वाचा. नको, उभ्यानेच वाचा, तुम्हाला काहीएक झालेलं नाही.

आमच्या प्रयोगशाळेतलं काम पुन्हा सांगते, कारण गेल्या वेळी अर्धवट सांगितलं आणि तिथेच घोळ झाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. त्यांच्यावर जांभळा प्रकाश टाकला की त्या किंचित चमकतात; स्वस्थ असल्या तर मंद, रोगाची चाहूल लागली की जास्त. ही चमक मोजली की पेशी कामाला लागल्याचं फार लवकर कळतं. तुलनेला निरोगी माणसाच्या स्वस्थ पेशी लागतात, म्हणून तुमचं रक्त घेतलं. (तुमच्याइतका स्वस्थ माणूस आपल्या घराण्यात दुसरा नाही, असं मामीच म्हणाली.) तर तुमच्या पेशी लख्ख चमकल्या. तीनदा मोजल्या, तीनदा तेच. आणि मी शहाणी फोनवर बोलून गेले की मामा, तुमच्या पेशी आधीच कशाशी तरी लढतायत वाटतं.

पुढचं सगळं तुम्ही केलंत. डॉक्टर काही नाही म्हणाले, तर तुम्ही डॉक्टर बदललेत. दुकानाला कुलूप लावून लोकांची घड्याळं लोकांना परत केलीत (बंदच). आणि निरवानिरव म्हणून तुमची स्कूटर माझ्या दारात आणून उभी केलीत. मामा, कॉलेजपासून मी ती मागत होते. मिळाली तेव्हा जिन्यात बसून रडले.

काल आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, पेशी ज्या काचेच्या बशीत ठेवून मोजतेस, ती नुसती रिकामी मोजून बघ. मोजली. रक्ताचा थेंब नाही, तरी बशी लख्ख. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बशी यंत्रात ठेवण्याआधी मी तिची काच कोटाच्या बाहीने पुसते. ही सवय कुणाची? घड्याळाची काच शर्टाच्या बाहीने पुसून "हं, आता बघ" म्हणणाऱ्या माणसाची. आणि तो कोट तुमचं रक्त घेतलं त्याच आठवड्यात मामीने हौसेने धुऊन दिलेला, तिच्या त्या पांढरंशुभ्र करणाऱ्या पावडरीत. जांभळ्या प्रकाशात बाही अशी निळी पेटली की बाईंनी चष्मा काढून पुन्हा घातला. ती पावडर कापडात राहते आणि या प्रकाशात चमकते; बाहीचे तेच बारीक तंतू बशीला चिकटत होते. मग नवी बशी घेतली, पुसली नाही, आणि तुमच्या गोठवून ठेवलेल्या पेशी मोजल्या. दुपारी जेवल्यावर तुम्ही जसे पडता, तशा पडल्या होत्या. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी बाईंना मिठीच मारली. दुकान उघडा.

तुमची,
भाची

ता. क. मामीला पावडरीचं बोलू नका. यंत्र बिघडलं होतं म्हणा.

आणखी एक. आधीची सगळी मोजणी फुकट गेली, तेव्हा थोडं रक्त पुन्हा लागेल. गुरुवारी सकाळी या. या वेळी दुसरा हात.

आणि जाताना स्कूटर घेऊन जा. चावी याच पाकिटात आहे. दुसरी चावी सापडत नाहीये. (सापडतेय, पण ती राहू दे ना.)