रस्त्याकडची खिडकी

सोमवार, ४ मार्च

संगणकाच्या पडद्यावर ताईच्या ऑफिसचा मजला निळाशार. निळा म्हणजे गारवा, लाल म्हणजे उकाडा — असे आमचे रंग. ताई मात्र त्याच मजल्यावरून संध्याकाळी घरी येते ती लालबुंद होऊन!

त्या इमारतीला हरित प्रमाणपत्र हवंय. एसी न लावता, नुसत्या खिडक्यांच्या वाऱ्यावर आत बसणाऱ्यांना बरं वाटतं, हे आमच्या कार्यालयाने संगणकावर दाखवून द्यायचं. भिंती, खिडक्या, टेबलं मी काढतो. खिडकीची चौकट बोटभरसुद्धा चुकू देत नाही. मग चुकतंय कुठे?

मंगळवार, ५ मार्च

ताईला विचारलं. हसली. "शहाण्या, आमचं काम फोनवर बोलायचं. रस्त्याकडची खिडकी उघडली की हॉर्न थेट गिऱ्हाइकाच्या कानात. सुपरवायझर बाई लगेच मार्क कापतात."

आई म्हणाली, "मग पंखा तरी मागा."

"मागितला. म्हणे ही इमारत वाऱ्यावर चालते. वारा नाही, पण आम्हाला सोडलंय मात्र वाऱ्यावरच!"

गुरुवार, ७ मार्च

साहेबांना सांगितलं, तिथे खिडक्या कोणी उघडत नाही. वाक्य घोकून गेलो होतो. ते म्हणाले, "उकडलं की माणूस खिडकी उघडतो. संगणकातलं मॉडेल असंच धरून चालतं." मी म्हटलं, बाहेर आवाज आहे. "आपल्याला हवेचं विचारलंय. आवाजाचं कोणी विचारलंय का?" मग सगळ्यांसमोर — "दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडलंस ना? अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊ नकोस."

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

जेवणाच्या सुट्टीत खिडक्या बंद धरून मॉडेल चालवलं. मजला लाल. भडक लाल! घाबरून पुसून टाकलं.

सोमवार, ११ मार्च

अहवाल माझ्याकडे आला — शुद्धलेखनापुरता. "तेवढं तुझं चांगलं आहे."

'आत बसणारे आपल्या इच्छेनूसार खिडक्या उघडतात.' नु ऱ्हस्व केला. वाक्य खोटंच आहे, पण आता शुद्ध आहे.

बुधवार, १३ मार्च

अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. घरी ताईची नजर टाळतोय.

शुक्रवार, १५ मार्च

ताईला कामावर घेरी आली. मैत्रिणीने घरी आणून सोडलं. आई ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जगाची हवा मोजतोस, बहिणीला थोडी दे की."

राहवलं नाही. ताईला अहवालातलं ते वाक्य म्हणून दाखवलं. म्हटलं, लिहून दिलंय आम्ही. खिडकी उघडायचा हक्क आहे तुला. कोणी बोललंच तर सांग — अहवालात आहे.

"नक्की ना? तू सांगतोस म्हणून हं!"

मंगळवार, १९ मार्च

आज प्रमाणपत्र देणारे तपासनीस आले. साहेबांनी मला बॅग धरायला नेलं. ताईच्या मजल्यावर एकूण एक खिडकी बंद! तपासनीसांच्या कपाळाला आठी. साहेब रुमालाने मान पुसताहेत. मी जमिनीकडे बघत उभा.

तेवढ्यात टोकाला कडी वाजली. ताई! कानाला फोन तसाच, आणि खिडकी सताड उघडलेली. सगळा रस्ता आत घुसला. माझ्याकडे बघून हसलीसुद्धा.

"वा, उघडतात की लोक!" तपासनीस म्हणाले. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कोपऱ्यात सुपरवायझर बाई ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या.

गुरुवार, २१ मार्च

प्रमाणपत्र मिळालं! साहेबांनी मला नोकरीत कायम केलं. "मॉडेल खरं ठरवलंस बरं का!" आधी एक सही घेतली — कार्यालयातला कागद बाहेर नेणार नाही, अशी.

शुक्रवार, २२ मार्च

ताईला काढलं. फोन चालू असताना खिडकी उघडली म्हणून.

"मी सांगितलं त्यांना, अहवालात आहे," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, दाखव. सोमवारी ते पान आणून दे ना रे मला."

मी पाणी प्यायला आत गेलो. अजून बाहेर आलेलो नाही.